मारलवाईचा ठेवा : हायमेनडॉर्फ यांच्या छायाचित्रांतले गोंडवन

चंद्रपूरच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या डोंगरांत एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४१ मध्ये राहायला आला आणि आयुष्यभर पुन्हा पुन्हा तिथेच परतत राहिला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी टिपलेली गोंडांची छायाचित्रे आज लंडनमध्ये आहेत. त्या चित्रांत एका समाजाचे आयुष्य आहे आणि चित्रे टिपणाऱ्याचेही.

राजुरा तालुका १९४० च्या दशकात चांदा जिल्ह्यात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, काही काळ नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात सामील झाला. त्यातूनच पुढे कोरपना आणि जिवती हे तालुके निघाले. सीमारेषा अशा हलत गेल्या, पण माणसे तिथेच राहिली. आत्राम, मडावी, कनाके, सिडाम, कोडापे, मेश्राम ही आडनावे माणिकगडच्या डोंगराच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही. तिकडच्या कागदपत्रांत कनाकेचे कनक होते, मेश्रामचे मेसराम होते, इतकाच काय तो फरक. पूर्वेला प्राणहितेच्या एका तीरावर अहेरी-सिरोंचा आणि दुसऱ्या तीरावर सिरपूर-चेन्नूर, अशी आजच्या गडचिरोलीचीही त्या मुलखाशी शेजारसोयरीक आहे.

या पट्ट्यातील आजच्या म्हाताऱ्या माणसांचे आईवडील तरुणपणी कसे दिसत होते, ती कोणत्या घरांत राहत होती, दिवाळीच्या आधी दंडारी घेऊन गावोगाव कशी फिरत होती, हे पाहायचे असेल तर घरातल्या पेटीत फारसे काही सापडत नाही. ज्या काळात पुण्या-मुंबईच्या, अगदी नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत स्टुडिओत काढलेल्या फोटोंचे अल्बम तयार होत होते, त्या काळात या डोंगरांत कॅमेरा येत असे तो साहेबाबरोबर. मात्र लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेत, म्हणजे ‘सोआस’मध्ये, एक संग्रह आहे. हजारो छायाचित्रे, सोळा मिलिमीटरच्या चित्रफिती आणि टिपणवह्या असा तो ठेवा हायमेनडॉर्फ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात नागा आहेत, अरुणाचलातील आपातानी आहेत, नेपाळचे शेर्पा आहेत. आणि आदिलाबादचे राजगोंड आहेत.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी व्हिएन्नातील एका सरदार घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय आसामातील डोंगरी जमाती हा होता. गंमत अशी की तोवर त्यांनी आसाम पाहिलेही नव्हते; तो सगळा अभ्यास पुस्तकांवर बेतलेला होता. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तिथे ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांचा दबदबा होता. ज्या माणसांविषयी लिहायचे त्यांच्यात जाऊन राहायचे, त्यांची भाषा शिकायची, त्यांचा दिवस उजाडतो आणि मावळतो तो डोळ्यांनी पाहायचा, हा मालिनोव्हस्कींचा आग्रह. तरुण हायमेनडॉर्फ यांनी तो मनावर घेतला आणि १९३६ मध्ये ते नागा टेकड्यांत दाखल झाले.

कोन्याक नागांमध्ये त्यांनी काढलेले वर्षभर हा त्यांच्या छायाचित्रांचा पहिला मोठा अध्याय. त्यावरचे ‘द नेकेड नागाज’ हे पुस्तक १९३९ मध्ये आले आणि गाजले. त्याच्या शीर्षकातच त्या काळच्या युरोपीय वाचकाची नजर लपलेली आहे. दूरच्या, उघड्या अंगाच्या, शिकारी माणसांचे कुतूहल भागवणारे असे ते पुस्तक होते. लेखकाला या माणसांविषयी मनापासून ओढ होती यात शंका नाही. परंतु तो अजून पाहुणाच होता. पाहुण्याच्या अल्बममध्ये सण, दागिने, भाले आणि देखणे चेहरे भरपूर असतात, तसेच याही अल्बमचे झाले.

१९३८ मध्ये हायमेनडॉर्फ यांचा विवाह एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी झाला. सगळे तिला बेट्टी म्हणत. त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ऑस्ट्रियन नागरिकांच्या हाती जर्मन पासपोर्ट आला. १९३९ मध्ये हे दांपत्य पुन्हा भारतात पोहोचले आणि दुसरे महायुद्ध पेटले. ब्रिटिश सरकारच्या लेखी हायमेनडॉर्फ आता शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. त्यांना अटक झाली. अशा अनेकांची रवानगी तारेच्या कुंपणाआड झाली आणि युद्ध संपेपर्यंत ते तिथेच राहिले. हायमेनडॉर्फ यांच्या बाबतीत मात्र ओळखीच्या अधिकाऱ्यांनी मार्ग काढला. त्यांनी हैदराबाद संस्थानाची हद्द सोडायची नाही. त्या हद्दीत राहून संशोधन करण्यास मुभा.

ईशान्येच्या डोंगरांकडे परतण्याची आस घेऊन आलेला हा माणूस अशा रीतीने दख्खनमध्ये अडकला. आदिलाबादचे गोंड त्याने निवडले नव्हते; युद्धाने त्याला तिकडे ढकलले. प्रथम तो नल्लमलाच्या जंगलातील चेंचूंमध्ये राहिला, नंतर गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींमध्ये. आणि १९४१ मध्ये आदिलाबादेत आला.

आदिलाबादेत त्या वेळी जखम ओली होती. आदल्याच वर्षी, १९४० मध्ये, जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम हा गोंड पुढारी आपल्या साथीदारांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला होता. राखीव जंगलाच्या सीमा आखताना गोंड-कोलामांची शेती त्या सीमेत गेली, वस्त्या उठवल्या गेल्या, जनावरांच्या चराईवर कर बसले. आणि जी चांगली काळी जमीन उरली ती बाहेरून आलेल्यांच्या नावे चढत गेली. भीमचा उठाव या सगळ्यातून उभा राहिला होता. तो मोडल्यानंतर दरबाराला प्रश्न पडला की हे घडले कशामुळे. उत्तर शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. म्हणजे ज्या सरकारने गोळ्या झाडल्या, त्याच सरकारचा पाहुणा, आणि पुढे पगारी सल्लागार, म्हणून हा माणूस गोंडांच्या दारात उभा राहिला. त्याची छायाचित्रे पाहताना हे विसरता येत नाही.

उटनूरच्या डोंगरपट्ट्यातील मारलवाई या गावात गवताने शाकारलेल्या घरात हायमेनडॉर्फ दांपत्याने बिऱ्हाड थाटले. आज हे गाव तेलंगणातील कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, जैनूर मंडळात येते. सरकारी माणसाला पाहून रानात पळणारी माणसे हळूहळू या गोऱ्या जोडप्याला सरावली. हायमेनडॉर्फ गोंडी शिकले. पेरणी, निंदणी, कापणी, नवे खाण्याचा सण, लग्न, मौत, देवकार्य असे सगळे वर्ष त्यांनी गावात राहून अनुभवले, आणि एक वर्ष झाले म्हणून निघून गेले नाहीत. त्यांच्या आदिलाबादच्या छायाचित्रांचा सूर बदललेला जाणवतो तो या मुक्कामामुळे. नांगर हाकणारा माणूस, घराचे लाकूड उचलणारी माणसे, धान्य कांडणाऱ्या बाया, पर्सा पेनच्या पूजेला जमलेले भाऊबंद. दंडारीतील गुसाडी आहेतच. मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगाला राख, हातात दंड, गळ्यात माळा. राजुरा-जिवतीच्या गावांत दिवाळीच्या सुमारास आजही निघणाऱ्या गुसाडीशी ते रूप ताडून पाहावे. ऐंशी वर्षांत बदल झाला तो बहुधा पायातल्या चपलांत आणि ढोलाशेजारच्या ध्वनिक्षेपकात.

भारतातील जमातींची छायाचित्रे काढण्याचा उद्योग हायमेनडॉर्फ यांच्या कितीतरी आधीचा आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. १८५७ नंतर आपण कोणावर राज्य करतो आहोत हे राज्यकर्त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या चित्रांतील माणूस बहुधा एका जातीचा किंवा जमातीचा मासला म्हणून उभा असतो. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही छायाचित्रे आहेत आणि त्यांचीही रीत फारशी वेगळी नाही. अशा चित्रांत माणूस असतो, त्याचे आयुष्य नसते. आधी काय झाले आणि नंतर काय होणार याचा मागमूस तिथे नाही.

हायमेनडॉर्फ यांचा संग्रह या परंपरेतून पुरता सुटला असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनाही समाज टिपायचा होता, व्यक्ती नव्हे. गोंडांच्या चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगा, त्यांतली कुळे, लग्नाचे नियम ही त्यांच्या शास्त्राची सामग्री होती. परंतु एका गावात वर्षानुवर्षे राहिले की शास्त्राला न जुमानता ओळखी होतात. तोच पाटील, तीच त्याची मुले, तोच पुजारी, तोच परधान पुन्हा पुन्हा समोर येतो. ही पुनरावृत्ती झाली की चित्रांची नुसती रास उरत नाही, तिचा अल्बम होतो. कुटुंबाच्या अल्बमलाही अल्बमपण येते ते एकच चेहरा वेगवेगळ्या वयांत दिसतो म्हणून.

गोंडांकडे आपल्या पूर्वजांची स्मृती जपण्याची स्वतःची व्यवस्था होती आणि ती कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. ती परधानाच्या गळ्यात होती. प्रत्येक परधान घराण्याचे ठरलेले गोंड यजमान असत. देवकार्याला, मरणाच्या विधींना तो किकरी घेऊन येई आणि त्या कुळाची कथा गाई. पहांदी कुपार लिंगाल, गुहेत कोंडलेले देव, त्यांची सुटका, कुळांची वाटणी, घोडे, लढाया, स्थलांतरे. ही गाणी युरोपीयांनी टिपायला सुरुवात केली तीही विदर्भातच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली लिंगोची कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. हायमेनडॉर्फ यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ मध्ये आला तेव्हा त्याचा मोठा भाग या कुळकथांनीच व्यापलेला होता. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, यजमानांसाठी गोंडीत गाणारे हे परधान आपापसात मराठी बोलत. गोंडांची दैवी वंशावळ अशा रीतीने मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. ग्रंथातील छायाचित्रे सुटी पाहिली तर ती नुसती वेधक वाटतात. ती त्या कथांशेजारी ठेवली की चित्रातल्या भाल्याला आणि चवरीला अर्थ येतो.

या सगळ्यात बेट्टी कुठे आहे? शास्त्रीय ग्रंथांपैकी काहींवर तिचेही नाव आहे. तिने विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकलेले नव्हते. पण मारलवाईत ती नवऱ्याबरोबर राहिली, गोंडी बोलू लागली, पुरुष संशोधकाला जिथे प्रवेश नाही अशा बायकांच्या जगात वावरली, टिपणे ठेवली, प्रवासाची आणि घराची सारी व्यवस्था सांभाळली. हायमेनडॉर्फ यांच्या संशोधनाचा निदान अर्धा भार तिने उचलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. छायाचित्रांच्या संग्रहाची एक गंमत असते; तो ज्याच्या नावाने असतो तो त्यात सर्वांत कमी दिसतो, कारण तो कॅमेऱ्यामागे असतो. हायमेनडॉर्फ यांचे चरित्र चित्रांतून वाचायचे तर तो कुठे उभा होता, किती जवळ उभा होता आणि समोरची माणसे त्याच्याकडे कशी पाहत होती यावरूनच वाचावे लागते. मारलवाईची माणसे जितक्या मोकळेपणाने पाहतात, त्यात बेट्टीचाही वाटा आहे.

छायाचित्रात न मावणारी गोष्ट म्हणजे जमीन हातची जाणे. सावकाराच्या वहीतला अंगठा, पटवारीच्या दप्तरात फिरलेले नाव, जंगल खात्याने रेघ ओढली आणि एका रात्रीत अतिक्रमण ठरलेले शेत, यातले काहीच कॅमेऱ्यासमोर घडत नाही. घडून गेल्यावर दिसते ते रिकामे शेत, आणि रिकामे शेत उन्हाळ्यात सगळ्यांचेच सारखे दिसते. हायमेनडॉर्फ यांनी हे चित्रांऐवजी अहवालांत लिहिले. ‘ट्रायबल हैदराबाद’ हे त्यांच्या चार अहवालांचे संकलन १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची रम्य छायाचित्रे पाहून त्यांना जंगलजीवनाचे भाबडे प्रेमी ठरवणाऱ्याने हे अहवाल वाचायला हवेत. त्यांत काव्य नाही. कोणाची जमीन कशी गेली, कोणत्या नियमाने गेली आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय करायला हवे होते, याची रोकडी मांडणी आहे.

त्यांना वरून साथ मिळाली ती विल्फ्रिड ग्रिगसन यांची. बस्तरच्या माडियांवरचा १९३८ चा ग्रंथ याच ग्रिगसन यांचा. भामरागडचे माडिया त्याच समाजाचे, त्यामुळे गडचिरोलीच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नावर सरकारसाठी त्यांनी मोठा अहवाल लिहिला. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पुढे ते निजाम सरकारात महसुलाची जबाबदारी सांभाळायला गेले. वर ग्रिगसन आणि खाली डोंगरात हायमेनडॉर्फ, असा योग जुळला. गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली आणि १९४० चे दशक संपेपर्यंत एक लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासींच्या नावे झाली. १९४५ पासून हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासींविषयक सल्लागार होते.

दुसरे काम शाळांचे. १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांना आधी गोंडीतून शिकवायचे, मग पुढची भाषा, अशी योजना होती. गोंडीला लिपी कोणती घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा देवनागरी निवडली गेली, कारण त्या भागात व्यवहाराची भाषा मराठी होती आणि थोडेफार लिहिता-वाचता येणारे गोंड मराठीच वाचत होते. गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले. या कामात मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक नाव आहे, सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. हैदराबादच्या सनदी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादेत काम केले, गोंडीचे व्याकरण लिहिले आणि तिथल्या गोंडांवर पुस्तकही लिहिले, हे फारसे आठवले जात नाही. पुढे भाषावार प्रांत झाले आणि राज्यभाषा आल्या. त्या रेट्यात गोंडीतून शिक्षण मागे पडले. डोंगराच्या एका उतारावरची मुले तेलुगू शाळेत गेली, दुसऱ्या उतारावरची मराठी.

केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत भरणारा दरबारही याच दशकातला. मेसराम कुळाचे हे दैवत. पौष अमावास्येला जत्रा भरते आणि कुळाचे लोक दूरदुरून येतात, त्यांत महाराष्ट्रातलेही असतात. जमलेल्या लोकांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी तिथेच ऐकावीत, अशी प्रथा हायमेनडॉर्फ यांनी सुरू करून दिली. त्यांच्या मागे ती चालू राहिली.

१९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि पुढच्या वर्षी हायमेनडॉर्फ लंडनला गेले. १९५१ मध्ये ते ‘सोआस’मध्ये प्राध्यापक झाले आणि पुढली पंचवीस वर्षे त्या संस्थेतच राहिले. नेपाळचे दार परदेशी संशोधकांना नुकतेच उघडत होते. तिथे शिरणाऱ्या पहिल्या काही मानववंशशास्त्रज्ञांपैकी ते एक. शेर्पांवरचे त्यांचे पुस्तक १९६४ मध्ये आले. या काळातील छायाचित्रांचा पसारा मोठा आहे आणि हिमालयाच्या अभ्यासकांना तो मोलाचा वाटतो. आदिलाबादच्या दृष्टीने मात्र ही मधली कोरी पाने.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी बेट्टीसह पुन्हा मारलवाईची वाट धरली. जिथे जिथे तरुणपणी राहिलो तिथे जाऊन तीस-पस्तीस वर्षांत काय झाले ते पाहायचे, असा हा उपक्रम होता. जुनी छायाचित्रे ज्याची त्यालाच पुराव्यासारखी वापरता आली, असे भाग्य थोड्या संशोधकांना लाभते. हे भाग्य म्हणावे का, हाही प्रश्नच आहे. जंगल विरळ झाले होते. रस्ते आले होते आणि रस्त्यांबरोबर बाहेरचे शेतकरी, व्यापारी, सावकार. पट्टे दिलेल्या जमिनी पुन्हा हातातून निसटल्या होत्या. कायदे जागेवर होते, पण त्यांचा धाक उरला नव्हता. १९७९ मध्ये ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’ आणि १९८२ मध्ये ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया : द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल’ ही पुस्तके निघाली. पहिल्या ग्रंथात देवांच्या कथा सांगणारा लेखक आता जमीन, कर्ज आणि जंगल खाते यांवर पानेच्या पाने लिहितो. कोन्याकांचे चित्र काढणारा तरुण आणि हा म्हातारा यांच्यातले अंतर या दोन शीर्षकांवरूनही कळावे : एका टोकाला ‘नेकेड’, दुसऱ्या टोकाला ‘सर्व्हायव्हल’.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे आपल्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. गोंड तो कधीही मान्य करत आले नाहीत. जोडेघाटच्या गोळीबारानंतर चाळीस वर्षांनी, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, जमिनीच्या त्याच प्रश्नावर हे घडले. १९४० च्या उठावाची कारणे शोधायला नेमलेल्या माणसाची उत्तरे दरम्यान ग्रंथालयांत होती.

हायमेनडॉर्फ यांच्यावर टीका करायला जागा आहे. त्यांचे ग्रंथ इंग्रजीत, किंमत आणि भाषा दोन्ही गोंडांच्या आवाक्याबाहेर. बाहेरच्या जगापासून आदिवासींचे रक्षण करावे ही त्यांची भूमिका. त्यात पालकाचा भाव आहे आणि स्वतः गोंडांनी उभारलेल्या लढ्याला त्यात फारशी जागा नाही. चित्रे लंडनला गेली. जमवणाऱ्याचे नाव संग्रहाला मिळाले, चित्रातल्या कितीतरी माणसांची नावे मात्र त्यांच्या चेहऱ्यांपासून सुटली. ही केवळ अभ्यासकांची कुरबुर नव्हे. नाव असेल तर ते चित्र कोणाच्या तरी आजोबांचे असते. नाव नसेल तर ते गोंड पुरुष एवढेच राहते, म्हणजे आपण पुन्हा १८६८ च्या खंडांपाशी येतो. नागांच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. केंब्रिजमधील ॲलन मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायमेनडॉर्फ यांच्यासह अनेकांची जुनी छायाचित्रे, रोजनिशा आणि वस्तूंच्या नोंदी एकत्र आणल्या. त्यातून १९९० मध्ये नागांवर एक मोठे सचित्र पुस्तक निघाले. चित्र, त्याचे गाव आणि त्या दिवशीची रोजनिशी एकत्र ठेवल्यावर जुना फोटो किती बोलका होतो हे त्या कामाने दाखवले. आदिलाबादच्या चित्रांसाठी परधानांच्या आणि कुळांच्या मदतीने, गोंडी-मराठी-तेलुगू जाणणाऱ्यांनी असे काम करायला हवे. त्यात महाराष्ट्रातील विद्यापीठांनी, विशेषतः गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने लक्ष घातले तर ते औचित्याचेच होईल. चित्रांतली मुले आज असली तर नव्वदीच्या घरात असतील. त्यांना ओळखणारी पिढीही वेगाने सरत आहे.

बेट्टीचे निधन ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादमध्ये झाले. तिला मारलवाईत पुरण्यात आले. गोंडांनी आपल्या रीतीने तिला निरोप दिला. हायमेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे त्यांच्याही अस्थी मारलवाईला आणून बेट्टीच्या शेजारी ठेवण्यात आल्या. दर जानेवारीत तिथे दोघांच्या स्मृतीसाठी गोंड जमतात.

याच मारलवाईचे कनक राजू यांनी गुसाडी नृत्य शिकवण्यात आयुष्य घालवले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले. त्यांची छायाचित्रे असंख्य आहेत, मोबाइलवर काढलेली, वृत्तपत्रांत छापलेली, आणि प्रत्येकाखाली नाव आहे.

‘सोआस’च्या संग्रहातील पुष्कळ चित्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. राजुरा-जिवतीच्या कोणाला आपल्या मुलखाची जुनी रूपे शोधायची असतील तर चंद्रपूर या नावाने काही हाती लागण्याची आशा थोडी. आधी आदिलाबाद हे जुन्या जिल्ह्याचे नाव टाकावे लागते, मग गावाचे नाव, तेही इंग्रजी वळणाने लिहिलेले.